पारशिवनीहून आलेले तीन अर्ज

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून टेलिफोन खात्यातल्या आठवणी हव्या होत्या. साहजिक आहे. एकतीस वर्षं मी नागपूरच्या टेलिफोन कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर काढली. सकाळी दहा वाजल्यापासून लोकांचा राग कानात भरून घ्यायचा आणि ‘लाइनमन पाठवते’ म्हणायचं. त्यावर लिहिता येईल. पण मला सांगायचं आहे ते काम मी निवृत्तीनंतर धरलं. त्याला पगार नाही, मस्टर नाही, रविवार नाही. आमच्या मनीषनगरातल्या शेजारणी अजूनही विचारतात, "सुनंदाताई, दिवसभर त्या कंप्युटरवर काय करून राहता वं तुम्ही?" एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून ‘हिशेब नसलेली चौकीदारी’ असं काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेते.

इंटरनेटवर मराठीत एक ज्ञानकोश आहे. तो कोणा एकाचा नाही. कोणीही उघडावं, वाचावं, आणि चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं. माझी सुरुवात संत्र्यापासून झाली. त्या कोशात संत्र्याच्या पानावर लिहिलं होतं की नागपुरी संत्री फक्त हिवाळ्यात येतात. माझं माहेर बागायतदारांचं. मला राहवेना. आंबिया बहार वेगळा, मृग बहार वेगळा, मृगाची फळं होळीपर्यंत खातात, असं चार ओळींत लिहिलं आणि कोणी रागावेल म्हणून वाट पाहत बसले. रागावलं कोणी नाही. उलट कोल्हापूरच्या कोणा अनोळखी माणसानं ‘धन्यवाद’ लिहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत तक्रारीच्या टेबलावर धन्यवाद म्हणणारे मला बोटांवर मोजण्याइतके भेटले होते. इथे पहिल्याच दिवशी मिळाला. मग काय, मी बसलेच.

तीनेक वर्षांनी तिथल्या मंडळींनी मला प्रचालक केलं. प्रचालक म्हणजे ज्याच्या हाती किल्ल्या असतात तो. कोणी पानं खराब करत असेल, शिव्या लिहीत असेल, तर त्याला काही काळ लिहिण्याची बंदी घालायची. वाचायला बंदी नसते, फक्त लिहायला.

आता ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. त्या कोशात खातं न उघडताही लिहिता येतं. तसं लिहिलं की तेव्हा नावाच्या जागी एक लांब आकडा उमटायचा. हल्ली तो झाकतात, पण मी सांगते ती गोष्ट आकडे दिसत होते तेव्हाची. तो आकडा म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता. लक्षात घ्या, माणसाचा नाही, जोडणीचा. एका होस्टेलमध्ये एकच जोडणी असेल तर तिथल्या सगळ्यांचा आकडा एकच. त्यातल्या एकानं वाह्यातपणा केला आणि मी आकड्याला बंदी घातली, की अख्खं होस्टेल बाहेर.

बंदी घातलेल्याला दाद मागायला एकच जागा उरते. त्या पत्त्याच्या नावानं एक चर्चापान असतं, तिथे ‘बंदी उठवा’ म्हणून अर्ज लिहायचा. नियम असा की ज्यानं बंदी घातली त्यानं अर्ज निकाली काढायचा नाही, दुसऱ्या प्रचालकानं पाहायचा. फार चांगला नियम. पण रोज हजर राहणारे आम्ही दोघंच होतो. मी, आणि नंदनवनात राहणारे देवतळे सर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, शिस्तीचे. माझ्या बंद्यांवरचे अर्ज ते पाहायचे, त्यांच्या बंद्यांवरचे मी. एकमेकांच्या सहीवर सही करायची सवय आम्हाला कधी लागली ते कळलंही नाही.

अर्ज मात्र एकेक नमुनेदार. ‘मी लिहिलं नाही, लहान भावानं लिहिलं’ हा सगळ्यात जुना. एकानं मांजरावर ढकललं होतं. सावजी जेवणाच्या पानावर एक गृहस्थ दर आठवड्याला आपल्या खानावळीचं नाव घालायचे. मी बंदी घातली तर अर्जात लिहिलं, ‘मॅडम, एक डाव माझ्या इथला रस्सा खाऊन पाहा, मग बंदीचं ठरवा.’ बंदी मी उठवली नाही. पण पुढे कधीतरी त्या रस्त्यानं जाताना आत शिरले. रस्सा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, नाव सांगितलं नाही. लिहिण्याजोगा होता खरा.

तर पारशिवनी, आमच्याच जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव.

जून महिना होता. कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस. एका पत्त्यावरून दोन-तीन दिवस उच्छाद चालला होता. एका नटीच्या पानावर घाणेरडं लिहिलेलं, एका जिवंत क्रिकेटपटूला मारून टाकलेलं. आणि त्याच पत्त्यावरून मोहाटोला नावाच्या गावाच्या पानावर कोणीतरी एक शब्द सारखा खोडत होतं. ते पान जेमतेम दोन ओळींचं. ‘मोहाटोला हे पारशिवनी तालुक्यातील एक बेचिराख गाव आहे. लोकसंख्या शून्य.’ त्यातला ‘बेचिराख’ खोडायचा. मी परत घालायची. पुन्हा खोडायचा. एकदा त्याजागी लिहिलं होतं, ‘येथे माणसं राहत होती.’ संदर्भ नाही, काही नाही. मी तेही काढलं.

असं सात-आठ वेळा झाल्यावर मी बंदीचा फॉर्म उघडला. काळ, एक वर्ष. कारण, उत्पात. खाली एक चौकोन असतो, ‘या पत्त्यावरून नवीन खातं उघडण्यासही मनाई’. त्या चौकोनावर खूण करण्याआधी विचार करायचा असतो, कारण ती खूण केली की त्या जोडणीवरच्या भल्या माणसालाही खातं उघडून आत येता येत नाही. मी विचार केला नाही. गॅसवर दूध होतं. खूण केली आणि स्वयंपाकघरात पळाले.

दोन दिवसांनी पहिला अर्ज आला.

‘महोदय, नटीबद्दल जे घाण लिहिले ते मी लिहिले नाही. मी फक्त एक शब्द खोडला. तो शब्द चूक आहे. कृपया दार उघडावे. म. रामटेके, पारशिवनी.’

देवतळे सरांनी तासाभरात निकाल दिला. ‘इतर कोणी केले हे कारण ग्राह्य नाही. अर्ज अमान्य.’ आमच्याकडे अशी वाक्यं तयारच असतात, फक्त चिकटवायची.

आठवड्यानं दुसरा आला. तो वेगळ्याच हातचा होता.

‘नमस्कार. मी पल्लवी, बस स्टँडजवळ सेवा केंद्र चालवते. रामटेके आबाजी बोलून राहिले अन् मी टाइप करून राहिली. आबाजी म्हणतात की मी पोस्टमन होतो. नोकरीची पहिली पाच वर्षं मोहाटोला माझ्याच बीटमध्ये होतं. हप्त्यातून दोनदा मी तिथं डाक नेत होतो. ज्या गावात कोणी राहत नाही त्या गावाले डाक कोण पाठवते, तेवढं सांगा. ते म्हणतात माझ्यावरची बंदी राहू द्या, पण तो शब्द काढा.’

मी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. देवतळे सरांनी उत्तर दिलं, ‘व्यक्तिगत आठवण हा संदर्भ होऊ शकत नाही. छापील संदर्भ द्यावा. अर्ज अमान्य.’ यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. आठवणीवर कोश चालवला तर गावोगावचे सरपंच आपापल्या आजोबांना स्वातंत्र्यसैनिक करतील. मी पान बंद केलं.

तिसरा अर्ज आला तो अर्ज नव्हताच. ‘बंदी उठवा’ या शब्दांखाली नुसती यादी होती.

‘१. शंकर नथ्थू. नाक्यावरचं घर. २. तुकाराम महादेव. बैल मारका आहे, दुरून हाक द्यावी. ३. गंगाबाई, विधवा. पत्र वाचून दाखवावं लागते, दोन वेळा. ४. भिवा सोनार. नेहमी शेतावर असते, पत्र शाळेत ठेवावं...’

अशी घरामागून घर, पानभर. शेवटच्या ओळीत होतं, ‘एवढी घरं आठवली. काही सुटली असतील, त्यांची माफी.’

देवतळे सरांचा फोन आला. "मॅडम, हा माणूस चर्चापानाचा दुरुपयोग करून राहिला. ते पानही कुलूपबंद करू का?"

"थांबा जरा," मी म्हटलं.

"काहून? तीन अर्ज झाले ना."

"थांबा म्हणते ना सर."

तक्रारीच्या टेबलावर बसून माणसाला एक गोष्ट कळते. खोटी तक्रार करणारा मोठमोठं बोलतो. ज्याचा फोन खरंच बंद आहे तो बारीकसारीक सांगतो, की सकाळी एकदा खर्रखर्र झालं, मग टुणटुण वाजलं, मग गेला. ही यादी तशी होती. मारका बैल कोणी बनवून लिहीत नाही.

मी मोहाटोल्याच्या पानाचा इतिहास उघडला. त्या कोशात प्रत्येक पानाचा इतिहास जपलेला असतो, कोणी, कधी, काय लिहिलं ते सगळं. पहिलंच नाव माझं होतं.

मग आठवलं. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी सरकारी गावयादी समोर ठेवून मी तालुक्यातल्या सगळ्या गावांची पानं धडाधड तयार केली होती. एकेका गावाला दोन ओळी. यादीत काही गावांपुढे ‘बेचिराख’ असं छापलेलं होतं. महसुलाच्या भाषेत ज्या गावात आज वस्ती नाही ते बेचिराख. का नाही, कधीपासून नाही, हे यादी सांगत नव्हती आणि मी विचारलं नव्हतं. त्या दिवशी किती पानं केली याचा मला अभिमान होता. देवतळे सरांना फोन करून सांगितलंही होतं.

म्हणजे शब्द माझा. बंदी माझी. आणि तो खोडणाऱ्याला उत्पाती ठरवणारीही मीच.

दुसऱ्या दिवशी मी पारशिवनीची एसटी धरली.

पल्लवीचं सेवा केंद्र शोधायला कष्ट पडले नाहीत. झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन फॉर्म, सगळं एका खोलीत. दोन कंप्युटर, बाकावर फॉर्म भरायला आलेल्या पोरापोरींची गर्दी. नटीच्या पानावर कोणी हात चालवला असेल ते मला तिथे पाय ठेवताच कळलं. नंबर लागेपर्यंत मोकळ्या कंप्युटरवर वेळ घालवणारे.

पल्लवी पंचविशीतली, चटपटीत. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्ही हाय का त्या मॅडम? मले वाटलं कोनी ऑफिसातला साहेब असन."

"साहेब नाही. घरी बसून करते मी."

"मंग आबाजीले काहून त्रास देऊन राहिले तुम्ही? म्हातारा माणूस रोज येते, विचारते, उत्तर आलं का? मले सांगाले लाज वाटे."

"त्यांनाच भेटायला आले आहे," मी म्हटलं. तिनं फोन केला आणि दहा मिनिटांत रामटेके आले. पंच्याहत्तरीचे, उंच, सायकलवरून. सायकल स्टँडवर लावून, पँटच्या क्लिपा काढून, शर्ट नीट करून मगच आत शिरले. मी उभी राहिले.

"बसा जी, बसा," ते म्हणाले. "तुम्ही नागपूरवरून आल्या? यवढ्यासाठी?"

"रामटेकेजी, आधी एक सांगायचं आहे. तो शब्द मीच लिहिला होता. यादीत पाहून. गाव पाहिलं नव्हतं."

मला वाटलं आता बोलतील. एकतीस वर्षं ऐकलं होतं, आणखी एकदा ऐकलं असतं. ते म्हणाले, "यादीत तसंच असन, बाई. तुमची काय गलती. पन यादी लिहिनारा कधी तिकडं गेला नसन. घरी चाला. जे विचाराचं ते माह्या घरी विचारा."

घर दोन गल्ल्या सोडून होतं. दारात बुद्धाची लहान मूर्ती, आत स्वच्छ शेणानं सारवलेलं अंगण. खाटेवर त्यांच्या पत्नी जनाबाई बसल्या होत्या. नात शाळेत गेली होती.

सगळी गोष्ट तिथे कळली. नातीला शाळेत ‘माझ्या आजीचं गाव’ असा प्रकल्प दिला होता. पोरीनं पल्लवीच्या केंद्रात जाऊन आमच्या कोशातलं पान छापून आणलं आणि घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. बेचिराख. लोकसंख्या शून्य. मोहाटोला हे जनाबाईंचं माहेर. नदीवर धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं, माणसं चार दिशांना गेली.

"पोट्टी मले विचारते," जनाबाई म्हणाल्या, "आजी, तिथं तं कोनी राहतच नोतं, मंग तू कुठून आली? मले हासू आलं आधी. मंग रडू आलं. म्या म्हटलं, मी काय हवेतून पडली?"

"तवापासून ही बोलेच ना," रामटेके म्हणाले. "दोन दिवस नीट जेवली नाही. म्या म्हटलं मी जातो अन् तो शब्द काढून येतो. पोस्टातलं काम केलेला मानूस, मले वाटलं अर्ज देला की होते."

"बेचिराख म्हंजे काय ते मले यायनं सांगतलं," जनाबाई म्हणाल्या. "चिराग नसलेलं. आमच्या घरी कंदील होता, बाई. हे सायकलनं आले अन् अंधार पडला तं माही माय कंदील देऊन दूरलोक पोचवाले पाठवे. कोनाले पाठवे, विचारा यायले."

रामटेके जमिनीकडे पाहून हसले. त्या वयात माणूस इतका लाजताना मी पहिल्यांदा पाहिला.

चहा झाला. मी तिथेच मोबाइल काढून बंदी उठवली असती, पण नियमाचा किडा माझ्याही डोक्यात होता. दार उघडणं सोपं होतं, शब्द काढणं नाही. मी त्यांना समजावलं की काहीतरी छापील पाहिजे. पुस्तक, वर्तमानपत्र, सरकारी कागद, काहीही, ज्यात त्या गावात लोक राहत होते असं लिहिलं असेल.

"राजपत्र," रामटेके म्हणाले.

"काय?"

"सरकारी राजपत्र. धरनाच्या वेळी जमीन घेतली नं, त्याची नोटिस निघाली होती. म्याच पोस्टातून पाकीट नेलं होतं तलाठ्याले. त्यात एकाएकाचं नाव होतं."

माणूस तीन अर्ज करतो, आणि ज्याची गरज होती ते त्याला ठाऊक असतं. आम्ही फक्त विचारलं नव्हतं. ‘संदर्भ द्या’ म्हणणं वेगळं आणि ‘तुमच्याकडे काय आहे?’ असं विचारणं वेगळं. इतक्या वर्षांत मी किती लोकांना पहिलं वाक्य चिकटवून पाठवलं असेल, कोणास ठाऊक. त्यातले बरेच परत आले नाहीत.

परतीच्या एसटीतूनच मी देवतळे सरांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "राजपत्र कुठल्या साली निघालं म्हणतात ते? एका जुन्या ग्रंथालयात फायली आहेत. मले तिथला माणूस ओळखते."

पुढच्या सोमवारी आम्ही तिघं त्या ग्रंथालयात बसलो. रामटेके पहिल्या एसटीनं आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. देवतळे सर आणि ते समोरासमोर आले तेव्हा मी ओळख करून दिली. "हे देवतळे सर. तुमचे दोन्ही अर्ज यांनीच..."

"हो का?" रामटेके म्हणाले. "अक्षर... म्हंजे लिहिनं खूप साफ होतं जी तुमचं. कमी शब्दात."

देवतळे सर कानापर्यंत लाल झाले.

फायली जाड, कागद कुरकुरीत, हात लावला की कडा सुटतात. साल रामटेक्यांना नक्की आठवत नव्हतं, त्यामुळे आधीचं एक आणि नंतरचं एक अशी पाहावी लागली. देवतळे सर भिंग घेऊन आले होते. गणिताचा माणूस, एकेक ओळ बोट ठेवून वाचत होता. दुपारी जेवायच्या वेळी मी म्हटलं, उठा आता. कोणी उठलं नाही. साडेतीनच्या सुमाराला देवतळे सर म्हणाले, "मॅडम, इकडं या."

इंग्रजीत छापलेली नोटीस. मौजा मोहाटोला. खाली सर्व्हे नंबर, आणि त्यापुढे घर आणि जमीन असलेल्यांची नावं. रामटेक्यांना इंग्रजी वाचता येत होतं, पोस्टातल्यापुरतं. त्यांनी चष्मा वर केला आणि वाचायला लागले. "शंकर नथ्थू. आहे. तुकाराम महादेव. आहे. गंगाबाई... गंगाबाई आहे, पाहा. भिवा. आहे."

यादीतलं एकेक नाव ते म्हणत होते आणि देवतळे सर पेन्सिलीनं आपल्या वहीत खूण करत होते. मारक्या बैलाचा उल्लेख सरकारनं केला नव्हता, बाकी सगळं होतं. यादीत न आलेली दोन घरंही राजपत्रात निघाली. ती वाचल्यावर रामटेके थांबले. "हे राहून गेलं होतं माह्याकडून," ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसू लागले. चष्मा बराच वेळ पुसत होते.

त्याच संध्याकाळी देवतळे सरांनी बंदी उठवली. नियमाप्रमाणे ते त्यांचंच काम होतं. निकालात तयार वाक्य चिकटवलं नाही. लिहिलं, ‘अर्जदाराचे म्हणणे बरोबर होते. आधीचे दोन्ही निकाल मी घाईने दिले, त्याबद्दल दिलगीर आहे.’ मी त्याखाली माझं लिहिलं. प्रचालकांनी एखाद्या पत्त्याच्या पानावर माफी मागितल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मग मी मोहाटोल्याचं पान नव्यानं लिहिलं. ‘मोहाटोला हे पारशिवनी तालुक्यातील गाव होते. धरणाच्या पाण्याखाली गेल्यामुळे तेथील रहिवाशांचे इतरत्र पुनर्वसन झाले.’ त्याखाली राजपत्राच्या आधारे कुटुंबांची नावं, शेवटी संदर्भ, साल, पान क्रमांक. नऊ वर्षांत मी शेकडो पानं लिहिली. यावर बसले तेवढी कशावरच बसले नव्हते.

पल्लवीनं पान छापून रामटेक्यांच्या घरी नेलं आणि तिथून मला फोन लावून स्पीकरवर टाकला. नात वाचत होती. मी इकडे मनीषनगरात श्वास धरून ऐकत होते. पोरगी स्पष्ट वाचते. एकेक नाव आलं की जनाबाई ‘हो’ म्हणायच्या. कधी ‘बिचारी’, कधी ‘लय भांडखोर होता तो.’ मग पोरीनं वाचलं, ‘सोंबा गजभिये.’

"कोन?" जनाबाईंचा आवाज.

"सोंबा गजभिये, आजी."

"सोनबा. माह्या बापाचं नाव सोनबा होतं. हे सोंबा कोनी केलं?"

मी फोनमध्ये म्हटलं, "जनाबाई, राजपत्रात तसं छापलं आहे. इंग्रजीतलं एक अक्षर चुकलं असेल, ग्रंथालयात आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. मला जे छापलंय तेच लिहावं लागतं."

"त्यायनं चुकवलं तं तुम्ही काहून चुकवता वं?"

"छापील पुरावा पाहिजे ना, नाहीतर..."

"मी त्याची पोरगी हावो," जनाबाई म्हणाल्या. "मी नाही का पुरावा?"

रामटेके मध्ये पडले, "राहू दे गा, जना... बाईनं यवढं केलं," वगैरे. ‘गा’ बाईला म्हणत नाहीत, गडबडीत गेलं त्यांच्या तोंडून. त्यावर पल्लवी आणि नात हसल्या आणि विषय टळला. जनाबाई मात्र हसल्याचं मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे नव्या बदलांची यादी उघडली. मोहाटोल्याच्या पानावर पारशिवनीच्या त्या पत्त्यावरून एक बदल झाला होता. ‘सोंबा’ काढून ‘सोनबा’. संदर्भ नाही. बदलाच्या कारणाच्या जागी एकच शब्द होता, ‘बाबा’.

नियमानं मला तो उलटवायचा होता. राजपत्र एक म्हणतं, पान दुसरं म्हणतं, आणि मध्ये पुरावा कोणताच नाही. माझं बोट त्या कळीवर होतं. तेवढ्यात देवतळे सरांचा फोन आला.

"मॅडम, मोहाटोल्यावरचा तो बिनसंदर्भाचा बदल पाहिला का?"

"पाहिला."

"मग?"

"पाहिला म्हटलं ना, सर."

त्यांच्याकडच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी मला ऐकू आली.

"बरं," देवतळे सर म्हणाले. "मीही पाहिला." आणि त्यांनी फोन ठेवला.